मागून वाचायचे कान

दगड पंचवीस किलोचा होता आणि धाकट्याची सहनशक्ती फार तर पावशेराची. गाडीतळावरून निघून वीस मिनिटं झाली नाहीत तोच त्याने तिसऱ्यांदा पाठीवरची लाकडी चौकट खाली टेकवली, कमरेवर हात ठेवले आणि पुढच्या चढाकडे अशा काही नजरेने पाहिलं, की जणू हा चढ मुद्दाम त्याच्यासाठीच कुणीतरी काल रात्रीत बांधला असावा.

"ताई, अजून किती?"

"दीड तास. मघाशीही दीडच होता. तू पुढे सरकलास तर कमी होईल."

थोरलीच्या खांद्यावर पहार, एका हातात फावडं, पाठीवरच्या पिशवीत पाणी, पोळीच्या गुंडाळ्या आणि एक तारेचा ब्रश. शिवाय डोक्यात राग होता, त्याचं वजन वेगळं. वडील जाऊन अकरा महिने झाले होते. या डोंगरावर मेंढपाळ गेला, की वर्षाच्या आत त्याचा दगड वरच्या कुरणात उभा राहतो. ते काम तिच्याच गळ्यात पडलं, कारण ती जवळच्या गावात राहते आणि जवळ राहणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. दगड घडवणाऱ्याने दोन महिने "परवा या" म्हणून झुलवलं. मग धाकट्याची रजा तीनदा मंजूर होऊन तीनदा रद्द झाली. आता उरला होता हा एकच दिवस. उद्या सकाळी धाकटा आईला कायमची आपल्या शहरात घेऊन जाणार होता. घरातले डबे बांधून झाले होते, खाटा देऊन झाल्या होत्या.

आईने एकच अट घातली होती. "ह्यांचा दगड लागल्याचं कळल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवायची नाही." हे ती अगदी हळू आवाजात म्हणाली होती. आई ओरडली असती तर तिच्याशी वाद घालता आला असता. हळू बोलली, की विषय संपला.

गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ती स्वतः वर येऊ शकत नव्हती. गाडीतळाच्या कडेच्या बाकावर शाल गुंडाळून, चहाचा थर्मास मांडीशी घेऊन ती बसली होती, आणि पहिल्या वळणावरून थोरलीने खाली पाहिलं तेव्हा ती वरच बघत होती.

त्या वळणावरच पहिला दगड लागतो. गुडघ्याइतका उंच, कडा वाऱ्याने झिजलेल्या. त्यावर नाव नाही, तारीख नाही, कोरलेले असतात फक्त दोन कान. मेंढीचे कान, शेजारी शेजारी, आणि त्यांवर त्या घराची खूण. कुणाच्या घरी उजव्या कानाला एक खाच, कुणाच्या घरी डाव्याला भोक, कुणाच्या घरी दोन्ही कान मधोमध चिरलेले. कोकराच्या कानावर जी खूण कापायची, तीच मालक गेल्यावर त्याच्या दगडावर कोरायची. जुन्या मेंढपाळांना अक्षरं येत नव्हती. कान मात्र सगळ्यांना वाचता येत.

पायवाटा सांभाळणाऱ्या खात्याने या दगडाशेजारी गेल्या वर्षी एक चकचकीत फलक ठोकला होता. 'मेंढपाळांची प्राचीन पर्णनक्षी', असं त्यावर लिहिलं होतं. पर्णनक्षी! थोरलीने हा फलक आतापर्यंत चार वेळा वाचला होता आणि चारही वेळा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आज तर फलकासमोर हातात काठ्या घेतलेलं एक जोडपंही उभं होतं.

"किती गोड पानं आहेत ना?" बाई म्हणाली.

"कान आहेत ते," थोरली म्हणाली.

"कान? कुणाचे?"

"मेंढीचे."

बाईचा चेहरा जरा उतरला. तरी तिने फोटो काढलाच.

"दोन-दोन पदव्या घेतलेली माणसं बसतात त्या खात्यात," पुढे गेल्यावर थोरली करवादली. "एकालाही कान आणि पान यातला फरक कळू नये? खाली गावात कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण विचारायचं कशाला, सगळं यांना आधीच माहीत!"

बोलायला लागणारा श्वास धाकट्याकडे शिल्लक नव्हता. पुढच्या टप्प्यावर थोरलीनेच चौकट पाठीवर घेतली आणि पहार-फावडं त्याच्या हातात दिलं, तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली, आणि फुटली ती नको त्या विषयावर.

"तो बघ, गुरगुऱ्या."

समोरच्या उतारावर तीसेक मेंढ्या चरत होत्या. एका खडकाला टेकून एक वाकलेला म्हातारा उभा होता. त्याचं हे नाव वडिलांनीच ठेवलेलं, आणि त्यांच्या घरात त्याला दुसरं नाव कधी नव्हतंच.

"बघू नकोस तिकडे," थोरली म्हणाली.

"आता काय त्याचं? बाबा गेले, आपल्या मेंढ्या विकून बारा वर्षं झाली..."

"अकरा मेंढ्या नेल्या त्याने आपल्या. तू पोटात होतास तेव्हा. तुला काय आठवणार?"

तिला आठवत होतं, म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला जेवढं आठवेल तेवढं. धुक्याच्या दिवशी दोन कळप मिसळले. दुसऱ्या बाजूला वडील कोकरं आवरत होते, म्हणून गुरगुऱ्याने एकट्यानेच मेंढ्या निवडून वेगळ्या केल्या, आणि त्या निवडीत वडिलांच्या अकरा मेंढ्या त्याच्याकडे गेल्या. वडिलांना कळेपर्यंत त्याने त्या व्यापाऱ्याच्या गाडीत चढवल्यासुद्धा होत्या. चूक झाली, असं तो चारचौघांत म्हणाला म्हणे. वडील म्हणत, "ज्याला कान वाचता येत नाहीत तो मेंढपाळच नाही. आणि ह्याला येतात. म्हणजे हा चोर." पुढची चाळीस वर्षं दोघे एकाच डोंगरावर फिरले, मेंढ्या होत्या तोवर त्या एकाच झऱ्यावर पाजल्या आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. वडिलांना पोचवायला अख्खं गाव आलं, तेव्हा हा रस्त्याच्या पलीकडे उभा होता. इकडे आला नाही. थोरलीने ते मनात पक्कं धरून ठेवलं होतं.

वरच्या कुरणात पोचायला त्यांना सव्वादोन तास लागले. वारा कानात शिरत होता. दगडी बांधाच्या कडेने इथे वीसेक दगड ओळीने उभे आहेत, काही सरळ, काही म्हाताऱ्यांसारखे एकमेकांकडे कललेले. शेवटचा आजोबांचा. त्याच्या शेजारची जागा वडिलांनी हयातीतच दाखवून ठेवली होती.

खड्डा खणायला एक तास लागला, कारण वीतभर मातीखाली सगळा मुरूम. पहार खणकन आपटे आणि हाताला झिणझिण्या येत. धाकट्याच्या तळव्याला फोड आला आणि त्याने तो तिला दोनदा दाखवला. शेवटी दगड खड्ड्यात उतरला. त्यांनी त्याच्याभोवती लहान दगड ठोकून बसवले, माती दाबली, पायाने चेपली. धाकट्याने दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. दगड हलला नाही.

"झालं!" तो म्हणाला आणि गवतावर आडवाच झाला. "आता फोटो काढ, आईला दाखवू आणि सुटू."

थोरलीने मोबाइल काढला. चौकटीत आजोबांचाही दगड येत होता आणि तो शेवाळाने आणि दगडफुलाने पार माखला होता. बापलेक शेजारी दिसायचे तर आजोबांचं तोंड नको का धुवायला? तिने तारेचा ब्रश काढला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि घासायला बसली. दहा मिनिटांत आजोबांचे कान वर आले.

ती बघत राहिली. मग वडिलांच्या दगडाकडे पाहिलं. पुन्हा आजोबांच्या.

आजोबांच्या दगडावर डावीकडचा कान शेंड्याला कापलेला होता आणि उजवीकडच्या कानाला खाली दोन खाचा होत्या. वडिलांच्या दगडावर शेंडा कापला होता उजवीकडच्या कानाचा, आणि दोन खाचा होत्या डावीकडे.

"अरे देवा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"उलटे आहेत."

कसं झालं ते तिला लगेच कळलं, आणि तेच जास्त झोंबलं. दगड घडवणाऱ्याला नमुना तिनेच काढून दिला होता. चष्म्याच्या दुकानात, दुपारच्या शांत वेळी, नंबर लिहायच्या कार्डाच्या पाठीमागे. मेंढीचा डावा कान शेंड्याला कापलेला, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण ती बावीस वर्षं त्या दुकानात समोर बसलेल्या माणसांचे चेहरे बघत आली होती. समोरच्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला, त्याचा डावा डोळा आपल्या उजव्या. बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली गेली नव्हती, याचा तिला कोण अभिमान! मेंढीसुद्धा तिने तशीच समोर बसवली आणि डावा कान कागदावर उजवीकडे काढला. मेंढपाळ मात्र कळपाच्या मागून चालतो. त्याला मेंढीचा डावा कान डावीकडेच दिसतो, आणि दगडावरही तो डावीकडेच कोरतात. कान मागून वाचायचे, हे तिने वडिलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर एकवेळ चाललं असतं. पण मागून वाचलं तर या दगडावर उजव्या कानाचा शेंडा कापलेला होता आणि डाव्याला दोन खाचा. ती खूण बेवारस नव्हती. ती गुरगुऱ्याची होती.

हे ऐकल्यावर धाकटा आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला.

"ताई, कोण बघणार आहे? सगळ्यांना ती पानंच वाटतात."

"बाबांच्या दगडावर त्या माणसाची खूण? चाळीस वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याची? आणि आई बघेल. फोटोत पहिल्या फटक्यात बघेल."

"मग फोटो जरा लांबून काढ."

"तू गप्प बस!"

"बरं, मग खाली गेलो की दुसरा करून घे. पुढच्या महिन्यात लाव."

"आई उद्या जाणार आहे! उद्या!" आता ती खरोखरच ओरडत होती. "दोन महिने मी त्या दगडवाल्याच्या पायऱ्या झिजवल्या. तू कुठे होतास? मीटिंगमध्ये. आणि आज एक दगड वर आणायचा, तर वीस-वीस पावलांवर तुझी कंबर! सगळं मी करायचं, आणि चुकलं की तेही माझंच." यातलं शेवटचं वाक्य तर अगदी खरं होतं, आणि त्यामुळेच तिला रडू यायला लागलं. रडण्यापेक्षा बरं म्हणून तिने पहार उचलली आणि नुकताच बसवलेला दगड उचकटायला घेतला.

दगड अर्धा तिरका झाला असेल, तेवढ्यात बांधापलीकडून आवाज आला.

"मी मेलो कधी?"

गुरगुऱ्या बांधाला टेकून उभा होता. जवळून तो फारच म्हातारा दिसत होता. त्याची नजर दगडावर होती. या डोंगरावर जित्या माणसाच्या खुणेचा दगड उभा करणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं. पूर्वी यावरून डोकी फुटलेली आहेत.

"काका, चूक झाली," थोरली म्हणाली. या माणसाला आपण काका म्हणतोय याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "बाबांचाच करायचा होता. मी नमुना उलटा काढला."

"उलटा कसा?"

"समोरून काढला. मेंढी समोरून पाहिली."

म्हाताऱ्याने बांधावरून एक पाय टाकला, दुसरा टाकायला धाकट्याचा हात घेतला आणि अलीकडे येऊन दगडाशेजारी बसला.

"समोरून," तो म्हणाला. "मग तुला ठाऊक आहे कसं होतं ते."

"म्हणजे?"

"त्या दिवशी बांधाच्या फटीतून मेंढ्या एकेक करून माझ्या अंगावर येत होत्या. धुकं इतकं की हात दिसेना. नेहमी मागे तुझा बाप असायचा. तो मागून ओरडायचा, 'तुझी', 'माझी', 'तुझी'. त्या दिवशी मी एकटा, आणि समोर. कान हाताने चाचपून बघत होतो. तुझ्या बापाची आणि माझी खूण एकमेकींची उलट. अकरा वेळा चुकलो. तीन दिवसांनी डोक्यात उजेड पडला, तोवर गाडी गेली होती."

"मग तेव्हाच सांगायचं होतं बाबांना!" थोरली म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा जास्त चढला.

"गेलो की सांगायला. माझ्या अकरा घेऊन गेलो होतो बदल्यात, सगळ्या पहिल्या वेताच्या. तुमच्या दारात दुपारपासून उभा होतो. आतून कडी घातली. दार उघडलं नाही तुझ्या बापाने. अंधार पडायला लागला तेव्हा मेंढ्या घेऊन परत आलो. दाराबाहेर उभं केलेल्या माणसाने पुन्हा जायचं कसं? मीही हट्टाला पेटलो. त्याला पोचवायच्या दिवशी आलो होतो रस्त्यापर्यंत. पुढे पाऊल उचलेना."

धाकट्याने फोडाकडे पाहिलं. थोरलीला काहीतरी खुपत होतं, पण काय ते हाताशी येईना.

गुरगुऱ्याने दगडावरून हात फिरवला. "चांगला केलाय. दगडवाल्याचा हात बरा आहे." मग दुसरीकडे बघत म्हणाला, "हा खाली नेऊ नका. बांधाला टेकवून ठेवा. माझी पोरगी समुद्रापलीकडे असते. तिला कान वाचता येत नाहीत. माझा कोण आणणार?"

"चालेल!" धाकटा इतक्या तत्परतेने म्हणाला की थोरलीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पंचवीस किलो उतरवावे लागणार नाहीत, या आनंदाने त्याला मोठेपणा सुचला होता. पण नाही म्हणायला तिच्याकडेही कारण नव्हतं. त्यांनी दगड उपसला आणि कोरलेली बाजू आत करून बांधाला टेकवला. खड्ड्यात माती परत लोटली, वर गवताची ढेपळं ठेवली. आजोबांच्या शेजारी पुन्हा नुसतं गवत राहिलं. एवढा सगळा दिवस घालवून त्यांनी वडिलांसाठी काय केलं, तर जमीन जरा उकरली.

उतरताना तिच्या तोंडाचा पट्टा बंद होता, आणि धाकट्याला त्याचीच जास्त भीती वाटत होती. निम्म्या वाटेवर ती एकदम थांबली.

"बाबा दार लावून घेणारे नव्हते."

"काय?"

"भांडायला आलेल्यालाही ते आत बोलवायचे. आधी आत ये, बस, मग भांड. तो तलाठी नव्हता का आला एकदा? त्याला जेवू घालून मग शिव्या दिल्या. ते कडी कशाला घालतील?"

धाकट्याने खांदे उडवले. ती झपाझप उतरायला लागली.

आई बाकावर तशीच होती. थर्मास रिकामा झाला होता. दोघे जवळ येईपर्यंत ती त्यांच्या रिकाम्या चौकटीकडे बघत होती.

"लागला का?"

"नाही," थोरली म्हणाली. काय झालं ते तिने सगळं सांगितलं: समोरून, मागून, दुकानातलं कार्ड, सगळं. आपली चूक सांगताना काटछाट केली नाही. आईने मान हलवत ऐकलं. गुरगुऱ्याचं नाव आलं तेव्हा तिची मान थांबली.

"आई, तो म्हणतो तो आपल्या दारात आला होता. अकरा मेंढ्या घेऊन. बाबांनी कडी घातली. खरं आहे?"

आई शालीची किनार बोटाभोवती गुंडाळत राहिली. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"तुझे बाबा घरी नव्हते," ती म्हणाली. "डोंगर पालथा घालत होते, त्या मेंढ्या कुठे पडल्या असतील म्हणून. गाडीतून गेल्या हे अजून कळलं नव्हतं. घरात मी होते. तू झोपली होतीस. हा पोटात. खिडकीतून मला तो दिसला."

"मग?"

"मग काय? राग आला. निवड त्यानेच केली होती. ह्यांच्या पायांचे तुकडे पडलेत आणि हा दारात येऊन उभा राहतो! नाही उघडलं. ह्यांना रात्री सांगू म्हटलं. रात्री ते तापाने फणफणलेले आले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग कळलं की मेंढ्या विकल्या गेल्या. हे इतके पेटले होते, की तो मेंढ्या परत द्यायला आला होता आणि मी घेतल्या नाहीत हे सांगायची छाती होईना. मग आठवडा झाला. आठवड्यानंतर कसं सांगायचं? मग वर्ष झालं." ती थांबली. "मरताना सांगावं म्हटलं. तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हतं."

थोरलीला वाटलं, आता आपण काहीतरी फेकणार. फेकायला हाताशी फक्त फावडं होतं. कुणावर चिडायचं, तेच कळेना. वडील गेले होते. आई समोर एवढीशी होऊन बसली होती. आणि ज्याचा तिने चाळीस वर्षं मनापासून राग केला तो म्हातारा तर चक्क निर्दोष निघाला होता. फुकट गेला सगळा राग.

"आई, चाळीस वर्षं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"मला मोजता येतात," आई म्हणाली.

ऊन डोंगराच्या खांद्यावर गेलं होतं. धाकट्याने घड्याळ पाहिलं, गाडीच्या किल्ल्या खुळखुळवल्या. "आई, चल. दगड ताई नवीन करून घेईल. लागला की फोटो पाठवेल. अजून दोन खोकी बांधायची आहेत आणि सकाळी सहाला निघायचंय."

"तो याच वाटेने उतरतो ना? संध्याकाळी?"

"कोण?"

"मी इथे बसते. तुम्ही दोघं गाडीत जा. काचा वर करा."

"तू दगड लागल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नव्हतीस," थोरली म्हणाली. तिला खरं तर आईला दुखवायचं होतं.

"दगडाला कसली घाई? ज्याचा आहे तो गेला. हा अजून आहे." आई हळू आवाजात म्हणाली. विषय संपला.

म्हणून ती दोघं, वयाची चाळिशी गाठलेली आणि ओलांडलेली माणसं, शिक्षा झालेल्या पोरांसारखी गाडीत जाऊन बसली. काचा वर केल्या. थोरलीने दोन मिनिटांत आपल्या बाजूची काच चार बोटं खाली घेतली. धाकट्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पाऊण तासाने घंटांचा आवाज आला. आधी कुत्रा, मग मेंढ्या, मग म्हातारा. बाकावर बसलेली बाई कोण ते त्याला जवळ येईपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हा तो थबकला. मेंढ्या बाकाच्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागल्या. आई उठली. बाकाची पाठ धरून, गुडघे सरळ करत, हळूहळू उठली आणि काहीतरी बोलली. लांब नव्हतं, चार-पाच शब्द असतील. गाडीत एक अक्षरही पोचलं नाही.

म्हाताऱ्यालाही पोचलं नाही. तीस मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा आणि बेंबें यांच्या मध्ये तो उभा होता. त्याने पुढे वाकून कानामागे हात धरला.

आई पुन्हा बोलली. त्याने मान हलवली, नाही, ऐकू येत नाही. थोरलीने दाराच्या मुठीवर हात ठेवला. धाकट्याने तिचं मनगट धरलं.

तेव्हा आईने छाती भरून श्वास घेतला. उभ्या आयुष्यात जिने घरात कधी आवाज चढवला नव्हता, ती बाई बंद काचांतूनही ऐकू येईल एवढ्या मोठ्याने, गाडीतळावरच्या सगळ्या अनोळखी माणसांसमोर ओरडली, "कडी मी घातली होती! ह्यांनी नाही! मी! ह्यांना ठाऊकच नव्हतं!"

पलीकडे बूट काढत बसलेलं ते काठ्यावालं जोडपं माना वळवून बघायला लागलं.

म्हाताऱ्याचा हात कानामागे तसाच राहिला. ऐकू आलं होतं, तरी तो खाली येईना. मग तो चालत बाकापर्यंत आला, दुसऱ्या टोकाला बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आईही बसली. दोघांच्या मध्ये थर्मास होता.

मेंढ्यांना थांबायला कुणी सांगितलं नव्हतं. त्या सरळ गाडीतळ ओलांडून रस्त्यावर निघाल्या आणि वळणावरून आलेल्या एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला. कुत्रा मालकाच्या पायाशी बसून राहिला.

"उतर," थोरली म्हणाली. डोळे पुसायला वेळ नव्हता. "मेंढ्या आवर."

"मी? मला कुठे येतं?"

"मागे राहायचं आणि हात पसरायचे. चल लवकर!"

धाकट्याने एक लांब सुस्कारा सोडला, फोड आलेला हात झटकला आणि दार उघडलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. बाकावरच्या दोघांनी तिकडे पाहिलंही नाही.